वहिनीचा खेळ

बाबा नळाजवळच्या शेवाळावर घसरून पडले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा मी फोर्टमधल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. भोईवाड्यातल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. आई मी लहान असतानाच गेलेली. घरात बाबा, दादा आणि मी. दादा शिवडीला एका गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर होता. बाबा म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि शाळा सुटली तरी त्यांचं शिकवणं सुटायचं नाही. घरी आलेला पाहुणा ‘मी बोल्लो’ म्हणाला तर बाबा त्याला चहा देता देता ‘म्हणालो’ असं सांगायचे. चाळीत निम्मी वस्ती कोकणातली, त्यामुळे आमच्या कानांवर दिवसभर मालवणी. पण त्यातला एक शब्द आम्हा भावंडांच्या तोंडून निघाला की बाबांचा चेहरा बदलायचा. त्यांचं स्वतःचं गाव मालवणच्या अलीकडे होतं, हे आम्हाला माहीत होतं ते फक्त रेशनकार्डापुरतं. गावाकडचं कोणी आलं तरी बाबा त्यांच्याशी पुस्तकासारखंच बोलायचे.

इस्पितळातून ते कमरेपर्यंत प्लास्टर घालून घरी आले. महिनोन् महिने पडून राहायचं होतं. पहिले काही दिवस शाळेतले शिक्षक येऊन बसायचे, मग तेही कमी झाले. बाबा छताकडे बघत पडायचे. वाचायला दिलं तर पुस्तक छातीवर उपडं ठेवायचे. मी विचारायचे, काही हवं का, तर म्हणायचे, “मला काय हवं असणार?”

आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक ख्रिश्चन मुलगी बसायची. तिचा भाऊ बोटीवर होता. त्याने विलायतेहून तिला एक खेळ आणून दिला होता. लाकडाचे चपटे ठोकळे, प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर, कोपऱ्यात त्याचे गुण. पाटावर चौकोन आखलेले, त्यात ठोकळे लावून आडवे-उभे शब्द करायचे. दुपारच्या सुट्टीत ती आणि ऑफिसातल्या आणखी दोघीतिघी खेळायच्या आणि मी डबा खात बघायचे. माझं इंग्रजी टाइप करण्यापुरतं होतं, त्या खेळापुरतं नव्हतं. बघता बघता मला वाटलं, हे मराठीत झालं तर बाबा उठून बसतील.

दादाने गोदामातून चहाच्या खोक्याची फळी आणून दिली. तिच्यावर मी शाईने चौकोन आखले. शर्टांच्या खोक्यांचे पुठ्ठे एकावर एक खळीने चिकटवले, वजनाखाली दाबून ठेवले आणि सारख्या मापात कापले. इथवर सोपं होतं. पण मराठीत नुसता क असून भागत नाही. का हवा, कि हवा, की, कु, कू, के... प्रत्येकाचा वेगळा तुकडा करायला घेतला तर ‘क’च्या बाराखडीतच एक डबा भरला. मग मी ते सगळं फेकलं आणि अक्षर वेगळं, मात्रा वेगळी असं केलं. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या बारीक बारीक पट्ट्या कापल्या. आधी अक्षर लावायचं, मग त्याच्यावर हलकेच पट्टी ठेवायची. जोडाक्षरांसाठी अर्धी अक्षरंही केली. ढ, झ, ठ यांना जास्त गुण, र, त, न यांना कमी. हे सगळं जमवायला मला किती संध्याकाळी लागल्या ते आठवत नाही, पण बोटांना खळ लागलेली असायची आणि ऑफिसात टाइपरायटरच्या कळांना बोटं चिकटायची.

बाबांना खेळ दाखवला तेव्हा त्यांनी एक पट्टी चिमटीत धरून बराच वेळ बघितली. मग म्हणाले, “दीर्घ वेलांट्या अजून करायला हव्यात. कमी पडतील.” त्या रात्री ते पोटभर जेवले.

पुढचे काही महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले महिने होते. ऑफिस सुटलं की मी कुठे रेंगाळायची नाही. घरी आले की चहा टाकायचा, बाबांच्या पाठीशी उशी लावायची, त्यांच्या पलंगाच्या कडेला बसायचं आणि फळी आमच्या दोघांच्या मध्ये. फळी गादीवर कलायची, अक्षरं घसरायची, खिडकीतून वारा आला की मात्रांच्या पट्ट्या उडायच्या आणि मी पलंगाखाली वाकून त्या गोळा करायची. बाबा तेवढ्यात मनातल्या मनात शब्द जुळवायचे. त्यांनी माझं कधी तोंड भरून कौतुक केलं नव्हतं. मी एकदा ‘ऋण’ लावला तेव्हा ते नुसतं “हं” म्हणाले, पण तो “हं” घेऊन मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले.

त्याच उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं. बाबांचं प्लास्टर निघालं होतं, पण हाड नीट सांधलं नव्हतं म्हणून ते अजून पलंगावरच होते. लग्न गावाकडे झालं, बाबांना जाता आलं नाही. वहिनी घरात आली ती वाकून त्यांच्या पाया पडली आणि त्यांनी तिला आशीर्वाद दिला, तोही व्याकरणशुद्ध. ती माझ्याहून वर्षाने लहान, मालवणकडची, सातवी झालेली. मला ‘वन्सं’ म्हणायची आणि बाबांना ‘मामंजी’. पदर सारखा डोक्यावर ओढायची. आम्ही खेळायला बसलो की ती दाराशी बसून तांदूळ निवडायची आणि मान वर न करता सगळं बघायची. मला तिची दया यायची. मी एकदा म्हटलंसुद्धा, वहिनी, तुला शिकायचंय का, पण अवघड आहे हं. ती नुसती हसली.

एक दिवस मी ऑफिसातून आले तर फळी आधीच मांडलेली. तिच्यावर अर्धा डाव झालेला. माझ्या मात्रांच्या सगळ्या पट्ट्या डबीत भरून, डबी बंद करून खिडकीत ठेवलेली. वहिनी लगबगीने उठून आत गेली. बाबा उशीला टेकून बसले होते आणि हसत होते. बाबा दात दिसतील इतके हसलेले मी फार दिवसांनी बघत होते.

“हे बघ,” ते मला म्हणाले, “हा म, त्याच्या शेजारी ल, खालीही ल. आडवं वाच, माल. उभं वाच, मूल. कुणाला हवं तर मोल. पट्टी लागतच नाही. नुसतं अक्षर लावायचं, मात्रा आपल्या मनाने घ्यायची. हिने काढलं. दुपारी पट्ट्या उडायला लागल्या तर म्हणते, मामंजी, ह्या ठेवायच्याच कशाला?”

मी म्हटलं, मग शुद्धलेखन काय राहिलं? ऱ्हस्व-दीर्घ कुठे गेलं?

“तोंडाने सांगायचं की,” बाबा म्हणाले. “तू एवढा खटाटोप केलास, हिने सगळा काढूनच टाकला.”

ते मला दुखवायला बोलले नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांना खरोखरच गंमत वाटत होती. एकच अक्षर आडव्या शब्दात एका मात्रेने आणि उभ्या शब्दात दुसऱ्या मात्रेने वाचलं गेलं तर दुप्पट गुण, असा नियमही त्यांनी दोघांनी मिळून केला होता. आणि तो नियम चांगला होता. माझ्या पोटात दुखायला लागलं ते त्यामुळेच. वाईट असता तर मी हसून सोडला असता.

मी चहा घेतला आणि म्हटलं, बसू या का? बाबा म्हणाले, “आज दोन डाव झाले. आता थकलो.”

तेव्हापासून ऑफिसात माझी दुपार सरायची नाही. हात टाइपरायटरवर असायचे आणि मनात यायचं, आता भांडी झाली असतील, आता ती हात पुसत बाहेर आली असेल, आता अक्षरं वाटली असतील. घरी आले की मी आधी फळीकडे बघायची. कुठले शब्द पडलेत, कोणी लावले असतील, बाबांचा कोणता, तिचा कोणता. माझ्याशी ते खेळायचे, नाही असं नाही. पण दिवसाचा पहिला डाव तिचा आणि माझ्या वाट्याला उरलेला.

त्यात तिचे हात चालायला लागले. बाबांना आडवं पडून हातातली अक्षरं दिसायची नाहीत, तर तिने बांबूची कामटी मधोमध चिरून तिला खाच पाडली आणि अक्षरं त्या खाचेत उभी राहायला लागली. फळी गादीवर कलते म्हणून तिने जुन्या धोतराच्या दुपदरी कापडावर चौकोन चौकोन टाके घातले आणि प्रत्येक चौकोनाला छोटा खिसा केला. अक्षर खिशात खोचलं की पलंगावर बसा, लोळा, वारा येऊ दे, ते हलायचं नाही. माझी फळी भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिच्यावर भाजी चिरली जाऊ लागली.

मीही एक प्रकार काढून बघितला. जोडाक्षराला चौपट गुण, तत्सम शब्दाला आणखी वेगळे, आणि कोशात बघून खात्री केल्याशिवाय शब्द धरायचा नाही. मला वाटलं, बाबांना हेच आवडेल, बाबा काही झालं तरी मास्तर. ते माझ्याबरोबर एक डाव पूर्ण खेळले. शेवटी म्हणाले, “छान आहे. पण डोकं शिणतं गं.” वहिनी खाली पडलेली अर्धी अक्षरं गोळा करून देत होती, एकेक पुसून.

हळूहळू खेळ चाळीत उतरला. खालच्या मजल्यावरच्या पोरांनी सिगरेटच्या पाकिटांची अक्षरं केली. त्यांच्या आयांनी त्यांच्याकडून शिकून घेतला. मात्राच नाहीत म्हटल्यावर जेमतेम वाचता येणाऱ्या बायकाही खेळायला बसल्या. लालबागच्या कुणाच्या तरी मावशीकडेही तो पोहोचला. सगळे त्याला ‘वहिनीचा खेळ’ म्हणायचे. एकदा जिन्यात एका बाईंनी मला अडवून सांगितलं, “तुझ्या भावजयीचं डोकं काय आहे गं! आणि तू एवढी शिकलेली, तुला नाही सुचलं?” मी म्हटलं, नाही सुचलं.

पण हे सगळं मी सोसलं असतं. एका शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसाचं होतं. मी जिना चढून गॅलरीत आले तर आमच्या खोलीतून एका माणसाचा आवाज आला. मोठा, मोकळा, जरा खोडकर. मला वाटलं गावाकडून कोणी पाहुणा आलाय.

“ह्यां खंय लावलंस गो? फसवतंस माका?”

“तुमीच बघा मगे,” वहिनी म्हणाली.

आणि तो माणूस हसला, तेव्हा मला कळलं की ते बाबा आहेत.

मी गॅलरीतच उभी राहिले. माझ्या जन्मापासून मी हा आवाज ऐकला नव्हता. आईशी ते असे बोलायचे का? मला आठवत नव्हतं. चप्पल वाजवत आत गेले तर बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, “आज लवकर आलीस?” एकेक शब्द धुतलेला. एका क्षणात त्यांनी तो दुसरा माणूस आत पाठवून दिला होता. मला तिची अक्षरं नको होती, तिचा धोतराचा पट नको होता, पण तो माणूस तिला मिळाला होता आणि मला मिळाला नव्हता, ह्याचं काय करायचं ते मला कळेना.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळांचे दिवस होते. असाच एक हरताळ झाला तेव्हा ट्रामा बंद, बस बंद, ऑफिसला जाणं शक्य नव्हतं. दादा सकाळीच मोर्चाला गेला होता. खालून घोषणा येत होत्या. बाबा म्हणाले, आज तिघं खेळू. वहिनीने पट अंथरला. सुरुवातीला बरं चाललं होतं. वहिनीने स, य, क, त असं ओळीने लावलं आणि रस्त्यावरच्या आवाजाकडे मान वळवून “संयुक्त” म्हणाली, तेव्हा मीही हसले. माझ्या पद्धतीने तोच शब्द करायला अर्ध्या क सकट किती तुकडे लागले असते ते माझ्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

मग तिने व, ग, ड लावलं.

“वांगड,” ती म्हणाली.

मी म्हटलं, असा शब्द नाही.

“वांगड म्हणजे सोबत,” बाबा म्हणाले. “वांगडाक म्हणजे बरोबर. चांगला शब्द आहे. गुण घे गो.”

मी उठून कोश आणला. पानं उलटली आणि उघडा कोश त्यांच्यासमोर ठेवला. नाही, म्हटलं. बघा.

बाबांनी कोशाकडे बघितलंही नाही. ते म्हणाले, “कोश लिहिणाऱ्याने माझ्या आईला विचारलं नव्हतं.”

बाबांच्या तोंडून त्यांच्या आईचा उल्लेख मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. वहिनीला त्यात नवल वाटलं नाही. म्हणजे तिला आजी माहीत होती. दुपारच्या डावांमध्ये माझी आजी तिला सांगून झाली होती.

मी म्हणाले, “बाबा, मी तिसरीत होते. मी मुलगी न म्हणता चेडू म्हटलं म्हणून तुम्ही मला अंगठे धरून उभं केलं होतंत. दिवेलागणीपर्यंत.”

बाहेर घोषणा चालू होत्या. वहिनीने पदर पुढे ओढला.

“केलं होतं,” बाबा म्हणाले.

एवढंच. त्यांनी कामटीतलं एक अक्षर उचललं, परत ठेवलं आणि म्हणाले, “तुझी पाळी आहे.” मी खेळले. तो डाव मी हरले, आणि संध्याकाळी वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “वन्सं, ते पट्ट्यांचं मला नीट शिकवाल? मामंजी म्हणतात त्यात बारकावा जास्त आहे.” मी म्हटलं, बघू. ती मला समजवायला आली होती आणि तिचं ते समजूतदार असणंही मला खुपत होतं.

पुढे बाबा काठी घेऊन चालायला लागले आणि माझंही लग्न झालं. नवरा सरकारी नोकरीत, त्यामुळे आम्हाला अँटॉप हिलला क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, स्वतंत्र संडास, समोर टेकडी. नवऱ्याला पत्ते आवडायचे, अक्षरं नाही. माहेरी गेले की बाबा, वहिनी आणि खालचे कोणी ना कोणी पटाभोवती बसलेले असायचे. नियमांमध्ये भर पडलेली असायची. मला ते नवे नियम विचारून घ्यावे लागायचे, पाहुण्यासारखे.

वहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा दादाच्या एकट्याने बाबांचं व्हायचं नाही म्हणून मी त्यांना माझ्याकडे आणलं. मला खोटं सांगायचं नाही, मला फार आनंद झाला होता. सुताराकडून मी पातळ लाकडाची अक्षरं कापून घेतली होती, पॉलिश केलेली, आणि नवऱ्याने त्यांच्यावर सुबक अक्षरं रंगवली होती. खेळ वहिनीच्या नियमांनी, कारण मला आता मात्रांवरून वाद नको होता. रोज दुपारी आम्ही दोघं खिडकीशी बसायचो. पहिला डाव माझा, दुसराही माझाच.

बाबा खेळायचे. चांगले खेळायचे. मध्येच विचारायचे, पोस्टमन येऊन गेला का? मालवणची बोट वेळेवर असते ना हल्ली? मी म्हणायचे, असते.

आमच्याकडे शिवडीहून एक कोळीण मासे घेऊन यायची, पण तिची बोली वेगळी. खालच्या क्वार्टरमध्ये एक देवगडच्या बाई होत्या, त्यांच्याकडून मी काही शब्द विचारून ठेवले होते. एका दुपारी मला अक्षरं तशी आली आणि मी लावले: झ, ल. झील. म्हणजे मुलगा.

बाबांनी चष्मा वर केला. मी वाट बघत होते.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “झ चे गुण जास्त. लिहून घे.”

आणि त्यांनी आपला शब्द लावला, ‘मंदिर’. आवाज नेहमीचाच, शाळेतला. तो दुसरा आवाज त्यांनी काही केल्या माझ्याकडे आणला नाही. मला वाटतं त्यांनी ठरवून असं केलं नसेल. माझ्याकडे बघितलं की त्यांच्या जिभेवर जे यायचं तेच आलं. पण त्या दुपारी मला वहिनीचा जितका राग आला तितका ती समोर असताना कधी आला नव्हता. तिला मुलगी झाल्याची तार आली आणि बाबा दुसऱ्या दिवशी पिशवी भरून तयार झाले. वहिनी यायला अजून अवकाश होता, तरी ते भोईवाड्याला परत गेले. घर झाडून ठेवायला हवं, म्हणाले.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. रोषणाई बघायला शिवाजी पार्कला जायचं त्यांनी नातीला कबूल केलं होतं, ते राहिलं. मी रोज दुपारी भोईवाड्याला जायची, माझा मुलगा कडेवर घेऊन. झटक्यानंतर त्यांचं पुस्तकी मराठी गेलं. जे पुटपुटायचे ते मालवणीत, तेही अर्ध्या तोंडाने, शब्द एकमेकांत मिसळलेले. इतकी वर्षं चाळीत राहून मला मालवणी कळत नव्हती असं नाही, पण त्यांची ती तुटकी पुटपुट मला उमजायची नाही. वहिनीला सगळं कळायचं. ती स्वयंपाकघरातून ओरडून उत्तर द्यायची.

एक दिवस मी त्यांच्याजवळ बसले होते. ते काहीतरी म्हणाले. मी वाकले, पुन्हा म्हणा, म्हटलं. ते पुन्हा म्हणाले. मला नाही कळलं. वहिनी मुलीला भरवत होती, मी तिला हाक मारली. विचारलं, “काय म्हणतायत ते?”

“जेवलंस काय गो, म्हणतायत,” ती म्हणाली. मग माझ्यासाठी परत सांगितलं, “जेवलीस का, विचारतायत.”

“कोणाला?”

“तुम्हालाच की, वन्सं.”

मी बाबांकडे बघितलं. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, तिच्यावरही नव्हती, दाराकडे कुठेतरी होती. मी म्हटलं, “जेवले, बाबा.” त्यांना पुरलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले.

ते गेल्यावर चाळीतली माणसं वहिनीच्या गळ्यात पडून रडली. तिनेही खूप रडून घेतलं, मोठ्याने, मालवणीत, त्यांना हाका मारत. मी तिच्या शेजारी बसले होते आणि माझ्या मनात येत होतं, की मला एवढ्या मोठ्याने त्यांना हाक मारायला कुठली भाषा आहे.

वहिनीशी माझं पुढे कधी बिनसलं नाही. सणावारी जाणं-येणं राहिलं. तिच्या मुली माझ्याकडे सुट्टीला यायच्या आणि आत्या म्हणून जीव टाकायच्या. भेटलो की ती माझ्याशी अजूनही शुद्ध बोलते, जपून, वाक्य पुरं करून, जशी पहिल्या दिवशी बाबांशी बोलली असेल तशी. शेजारणीशी बोलायला वळली की तिचा आवाज सैल होतो. मी चहा पीत ऐकत बसते.